पळसाचं सरबत

आमच्या घरात पळसाचं सरबत हे करायचे. हे म्हणजे माझे मालक, एसटीत कंडक्टर होते. जिंतूरच्या पुढं माळावर पळस लय. फागुन लागला की हे सकाळीच पिशवी घेऊन निघायचे आणि ऊन चढायच्या आत परत. पाकळ्या माठात भिजत घालणं, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळणं, खडीसाखर, लिंबू, सगळं त्यांच्याच हातचं. मी आपली आयता ग्लास धरायची. चाळीस वर्षं. कसं करता म्हणून एकदाही विचारलं नाही. विचारायचं कशाला, माणूस घरातच होता ना.

दिवाळीनंतर ते गेले. मला रडू आलं नाही. बाया म्हणाल्या, रडा, मोकळ्या व्हा. मी चहाचं आधण ठेवत होते. अजून तसंच आहे बघा. हात चालतात, बाकी सगळं सुन्न.

फागुनात सून शाळेतून शिकवून आली अन् म्हणाली, "आई, यंदा सरबताचं काय?"

म्हटलं, करू की, त्यात काय एवढं! फुलं आणली, भिजवली, गाळली. रंग झकास आला. घोट घेतला तर असलं तुरट, तोंडाला मिठीच बसली. सुनेनं अख्खा ग्लास संपवला अन् म्हणाली, "छान झालंय."

"खोटं बोलू नको. तोंड बघ आरशात."

ओतून दिलं. दुसऱ्यांदा साखर वाढवली, तिसऱ्यांदा कमी भिजवलं. तुरट ते तुरटच. तेव्हा लक्षात आलं, यंदा जमलं नाही तर हे सरबत त्यांच्याबरोबरच गेलं. कुठं लिहून ठेवलेलं नाही, कुणाला विचारायची सोय नाही. आणि पळस काय, पंधरा दिवसांत उरकतो.

चौथ्यांदा माळावर गेले तर झाडाखाली बकऱ्या राखणारी एक बाई बसलेली.

"काय करायलाव मामी?"

"फुलं वेचायले."

"ही पिशवी तर मामांची. मामा न्हाई आले यंदा?"

सांगितलं. ती उठून जवळ आली. मग माझ्या पिशवीत डोकावली. "टोप्या न्हाई काढल्या व्हय?"

"कसल्या टोप्या?"

तिनं एक फूल उचललं. पाकळ्यांच्या मागची काळी, मखमलीसारखी टोपी नखानं खुडली आणि बकरीपुढं टाकली. "मामा हितंच बसून काढायचे की! एकेका बकरीला एकेक, तिकीट फाडून दिल्यावानी. एखादी मधी घुसली की वरडायचे, लाईनीत या, लाईनीत!"

असं होतं तर. घरी यायच्या त्या नुसत्या पाकळ्या. टोपीचं फूल आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलंच नव्हतं. ती हसली, मीही हसले असेन. दोघींनी मिळून पिशवीभर फुलांच्या टोप्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी गाळलं. सुनेनं घोट घेतला, ग्लास हातात तसाच धरून उभी राहिली. "आई, हे बाबांचंच." तिचे डोळे भरले.

मी प्याले. तेच होतं, अगदी तेच. मला वाटलं होतं, चव जमली की आत काहीतरी हलेल. नाही हललं. दुसरा ग्लास भरून तोही प्याले.

"डोळे पूस," म्हटलं, "आणि उद्या चल माळावर. टोप्या काढायला शिकवते."

"उद्या शाळा आहे माझी."

"मग रविवारी. पण रविवारी नक्की, फुलं संपायला आलीत."