कुठले फॅलन?

हेमचंद्र देशमुख म्हणजे वंशावळींचं वेड लागलेला माणूस. वीस वर्षं सिंगापूरच्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं सांभाळली, पण जीव रमला तो कोण कुणाचा पणतू यात. बुकित तिमाहच्या त्यांच्या काँडो संकुलात ते कुणाकडे चहाला गेले, की कपातला चहा निवेपर्यंत त्या घराच्या चार पिढ्या त्यांच्या वहीत उतरायच्या.

म्हणूनच शेजारचा डेस्मंड फॅलन, पियानो शिकवणारा साठीचा आयरिश माणूस, वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन त्यांच्याकडेच आला. आयर्लंडमधले सर ह्यू फॅलन निपुत्रिक वारले होते. ‘सर’ हा त्यांचा वंशपरंपरेचा किताब. बापाकडून थोरल्या मुलाकडे, मुलगा नसला तर जवळच्या भाऊबंदाकडे जाणारा.

“माझे वडील मरेपर्यंत सांगत होते, किताब आपल्या घराचा आहे,” डेस्मंड म्हणाला. “सगळे त्यांना हसायचे. मीही हसलो. मला किताबाची हौस नाही, हेमचंद्र. ते खोटं बोलत होते का, एवढंच बघायचंय.”

हेमचंद्रांचे डोळे लकाकले. आडनाव एक म्हणजे भावकी एक, असं धरून ते कामाला लागले. आठवडाभर ताटाशेजारी लॅपटॉप. सर ह्यूंच्या सात पिढ्या त्यांनी खणून काढल्या. त्यात डेस्मंडच्या आजोबांचा पत्ताच नव्हता! आता त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

पोळी वाढता वाढता त्यांच्या पत्नी सुरेखाताई म्हणाल्या, “अहो, आपल्याच काँडोत तीन देशमुख. एकाचं तरी सुतक आपल्याला लागतं का? आपल्या गार्गीच्या लग्नाच्या वेळी प्रत्येक स्थळाला ‘कुठले, कुठले’ करून भंडावलंत. या फॅलनांना विचारलंत?”

हेमचंद्र उष्ट्या हातानेच उठले आणि कोपराने शेजारची बेल दाबली.

“तुम्ही कुठले फॅलन?”

“म्हणजे?”

“पणजोबांची कबर कुठल्या गावी?”

“कॅरिगबेगला. का?”

सर ह्यू तर ग्लेनमॉयचे! वहीत नवं पान उघडलं. दोन दिवसांत दुसरं घराणं सापडलं. आडनाव तेच, रक्ताचा संबंध नाही, आणि त्यांचाही स्वतःचा वेगळा किताब. त्याचा शेवटचा मानकरी पन्नास वर्षांपूर्वी वारला. पुरावे देऊन कुणी नोंद केली नाही, म्हणून जागा तेव्हापासून रिकामी. त्या मानकऱ्याला मूलबाळ नव्हतं, फक्त एक धाकटा भाऊ होता. तो आधीच गेलेला. तोच डेस्मंडचा आजोबा.

“म्हणजे हक्क तुमच्या वडिलांचाच होता,” हेमचंद्र म्हणाले. “त्यांनी अर्ज का केला नाही, ते मात्र कागद सांगत नाहीत. तुम्ही करणार?”

डेस्मंडने ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढून शर्टाला पुसला.

“अर्जाचं नंतर बघू. इथेच सिंगापुरात, ईस्ट कोस्टला माझी बहीण राहते. बाबांना सगळ्यात जास्त तीच हसायची.” त्याने फोन लावला. पलीकडून आवाज येताच तो म्हणाला, “मोरीन, आधी खुर्चीवर बस.”