आतल्या कोपऱ्यातली गाडी

माझा मामा गाड्या झोपवतो. हा शब्द त्याचाच. ज्या गाड्यांच्या पोटात पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी असं अख्खं घर असतं, त्या कॅम्परव्हॅन लोक हौसेनं घेतात, वर्षातून दोनदा-तीनदा बाहेर काढतात आणि उरलेले महिने त्यांचं काय करायचं हे त्यांना सुचत नाही. दारात ठेवली तर उन्हानं रंग विटतो, उंदीर वायरी कुरतडतात आणि शेजारी कुरकुरतात. मग कुणीतरी मामाचा पत्ता देतं.

मामाची पत्र्याची शेड घराला लागूनच आहे. पूर्वी तिथं पुठ्ठ्याचे खोके बनायचे. अजूनही दमट दिवशी भिंतींना खळीचा वास सुटतो. गाडी आत आली की मामा मालकाला हलू देत नाही. गॅसची टाकी बाहेर काढायची. पाण्याचा थेंब न् थेंब सोडून नळ उघडे ठेवायचे. गाद्या उभ्या करायच्या. बॅटरीची तार सोडायची. हँडब्रेक कधीच ओढून ठेवायचा नाही, तो तसाच चिकटून बसतो. चाकांखाली लाकडी ठोकळे द्यायचे. आणि फ्रिजच्या दारात दुमडलेलं फडकं अडकवायचं, म्हणजे दार उघडं राहून आत बुरशी धरत नाही.

“डॉक्टर, बिस्किटांचा पुडा राहिलाय खणात,” तो आमच्या दातांच्या डॉक्टरांना म्हणाला होता.

“असू दे हो, एकच तर आहे.”

“उंदीरही एकच येतो आधी. मग बायकापोरांना बोलावून घेतो.”

डॉक्टर पुडा खिशात घालून गेले.

या सवयी मामाच्या हाडीमासी इतक्या भिनल्यात, की एकदा एका लग्नाला मुक्कामी जाताना त्यानं घरच्या फ्रिजच्या दारातही फडकं अडकवलं होतं. आत दूध, भाज्या, मामीनं विरजण लावलेलं पातेलं. परत आले तेव्हा सगळं नासलेलं. पुढचे कितीतरी दिवस, चहा मागितला की मामी म्हणायची, “दूध झोपलंय.”

शेडच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात मामाची स्वतःची कॅम्पर आहे. पाठीच्या ऑपरेशननंतर मामीला फार वेळ बसवत नाही, तासाभरातच पाय बधिर व्हायला लागतात. बस, रेल्वे, कुणाची मोटार, सगळं बंद झालं. तेव्हा मामानं कुठूनशी एक जुनी कॅम्पर आणली, म्हणजे मामीला आडवं पडून जाता येईल. दोन हिवाळे तो गाडीखाली पाठीवर झोपून होता. इंजिन उघडलं, पलंग मामीच्या उंचीचा केला, उशाशी खिडकी पाडली. मामीनं सुती कापडाचं कव्हर शिवलं, कारण प्लास्टिकखाली ओल कोंडते हे तिला आता मामाइतकंच ठाऊक होतं. मग मामानं गाडीला शेडमधली सर्वांत सुरक्षित जागा दिली. तिथं गळती नाही, ऊन नाही, उंदरांची वाट नाही. टायर दबू नयेत म्हणून चाकं काढून भिंतीला लावली आणि गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवली.

ती तिथून हललीच नाही.

मामीनं विषय काढला की ब्रेकची रबरं बघायची राहिलेली असायची. रबरं झाली की पंख्याचा पट्टा. पट्टा झाला की घाटात गाडी गरम होईल की काय ही शंका. “मलाही एक कव्हर शिवते आणि बसते घोड्यावर,” मामी म्हणायची. “निदान रोज येऊन पुसाल तरी.”

मामा हसायचा. पण माझ्या आईजवळ तो एकदा बोलून गेला होता. “वाटेत गाडी बंद पडली, आणि हिची पाठ धरली, तर मी काय करू गं? इथं असली की डोळ्यांसमोर तरी असते.” तो गाडीबद्दल बोलतोय की मामीबद्दल, हे आईनं विचारलं नाही.

मग या वर्षी मामीच्या ताईचा फोन आला. ताई घाटापलीकडच्या गावात राहते. आईवडील गेल्यावर मामीला तिनंच त्या घरात वाढवलं. आता तिचा मुलगा तिला आपल्याकडे नेणार होता, विमानानं जायच्या अंतरावर. महिनाअखेरीला घर रिकामं करायचं होतं.

“मला जायचंय,” मामी म्हणाली. “ती घर सोडायच्या आत. माझ्या खोलीत एकदा झोपायचंय.”

“बघतो,” मामा म्हणाला. “फक्त रेडिएटरचं एकदा...”

मामीनं ताट उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा शेडमध्ये गेला तर आतल्या कोपऱ्यातलं कव्हर घडी घालून खाली ठेवलेलं. कॅम्परच्या दाराशी स्वयंपाकघरातलं स्टूल. आत मामी पलंगावर लोड घेऊन पडलेली, उशाशी थर्मास, पायांवर शाल. आईला बोलावून, तिच्या आधारानं ती चढली होती.

“अगं, काय हे?”

“प्रवासाला निघालेय.”

“अगं गाडी घोड्यांवर आहे. हलू नकोस. अजिबात कूस बदलू नकोस. अशा गाडीत माणूस चढत नसतं.”

“मग चाकं लावा.”

“आधी तू उतर.”

“आधी तुम्ही लावा.”

“तू आत असताना मी जॅकला हात लावणार नाही.”

मामीनं थर्मासचं झाकण उघडून चहा ओतला आणि सावकाश प्यायली. मामा दाराची चौकट धरून उभा. जणू गाडी कलंडली तर तो ती खांद्यावर तोलणार होता. शेवटी आई मध्ये पडली. मामीनं उतरायचं, पण तिथंच खुर्ची टाकून बसायचं, आणि चौथं चाक लागेपर्यंत मामानं “उद्या” हा शब्द काढायचा नाही.

दुपारपर्यंत गाडी जमिनीवर आली. खुर्चीवर बसवेना तेव्हा मामी खाली घातलेल्या सतरंजीवर आडवी झाली, पण जागची हलली नाही. मामानं शेवटचा नट आवळला, उठला, हात पुसले आणि दरवाजाकडे बघितलं.

कोपरा आणि दरवाजा यांच्यामध्ये दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या होत्या. एकापुढे एक, अंगाला अंग लावून, सगळ्या गाढ झोपलेल्या. आपली गाडी सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवण्याच्या नादात त्यानं तिच्या वाटेवर इतकी वर्षं स्वतःच्या हातानं गाड्या लावल्या होत्या. ती कधीतरी बाहेर काढायची आहे, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं.

मामाला ते तिथं उभ्याउभ्या कळलं. सतरंजीवरून मामीलाही दिसलं. तिला रागवायला ही चांगली संधी होती. पण ती म्हणाली, “ढकलता येतील ना? हँडब्रेक तर कुणाचाच ओढलेला नाही.”

“मालकांना विचारल्याशिवाय कशा हलवू?”

“मग विचारा.”

मामानं आयुष्यात कधी गिऱ्हाइकाकडे काही मागितलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो फोन हातात घेऊन ओट्याशी उभा राहिला आणि प्रत्येकाला तेच सांगत राहिला: “बायकोला बहिणीकडे न्यायचंय.” ज्यांनी कारण विचारलं नव्हतं, त्यांनाही त्यानं ते सांगितलं.

रविवारी डॉक्टर सगळ्यांच्या आधी आले, बाह्या सरसावून. बाकीचेही आले. मामा खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरायचा, बाकीचे मागून रेटायचे. डॉक्टरांची गाडी हलवताना तो ओरडला, “हळू, डॉक्टर. दात उपटायचा नाहीये.”

“तुमच्यापेक्षा लवकर उपटतो मी,” डॉक्टर धापा टाकत म्हणाले. “इतकी वर्षं कोण बसलं होतं हिरडीत रुतून?”

कॅम्पर उजेडात आली तेव्हा ती मला वाटली होती त्याहून निळी होती. मामी पलंगावर पडली, उशाशी पाडलेल्या खिडकीतून तिनं आम्हाला हात केला. मामा इतक्या हळू निघाला की एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांना ओलांडून गेला.

पुढचं मामीनं फोनवर सांगितलं. घाटात गाडी खरंच गरम झाली. मामाचा चेहरा पांढरा पडला. मामी म्हणाली, “बरं झालं. थांबा इथंच.” इंजिन निवेपर्यंत ती पडल्यापडल्या खिडकीतून दरी बघत होती, आणि मामा तिच्याकडे. तिची पाठ धरली नव्हती. मग रेडिएटरमध्ये थंड पाणी भरून ते निघाले, इतकंच.

ताईच्या अंगणात पोचल्यावर मामी आत गेली. दोघी बहिणी अर्ध्या रिकाम्या घरात गळ्यात पडून बसल्या. मामा मात्र बराच वेळ आला नाही, म्हणून ताई बघायला गेली. तो पाणी सोडत होता. गाद्या उभ्या झाल्या होत्या. फ्रिजच्या दारात फडकं अडकलं होतं.

“भाऊजी, हे काय चाललंय?”

“झोपवतोय गाडी.”

मामी घराच्या खिडकीशी आली होती. “अहो,” ती म्हणाली, “परत जायचंय ना आपल्याला? आणि जाताना त्या दरीपाशी पुन्हा थांबायचंय.”

मामानं नळ बंद केला. गाद्या आडव्या केल्या. मग फडकं काढून खिशात घातलं आणि ताईला म्हणाला, “घरात थोडं दूध असेल तर द्या. गाडीत थंड करायला ठेवतो.”