टेलरबाईंची हिरवी खिडकी

मास्तर शिडाची बोट शिकवत नाही, टेलरबाईंच्या खिडकीकडे बघायला शिकवतो, असं धक्क्यावर दबक्या आवाजात बोललं जायचं. दबक्या म्हणजे समोरच्या दुकानात नीट ऐकू जाईल इतक्या. त्यात माझीही थोडी भर असेल, नाही म्हणत नाही.

बँकेतले कारकून, दाताच्या डॉक्टरीणबाई, माझ्यासारखे पेन्शनर, अशा कोरड्या माणसांना सहा दिवसांत किनाऱ्याकिनाऱ्याने बोट न्यायला शिकवणं हा मास्तरचा धंदा. पहिल्या दिवशी वारा कुठून येतो ते गालावर ओळखायचं. दुसऱ्या दिवशी सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते हे मान्य करायचं. कारकुनाने ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही. मग शीड, नांगर, भरती-ओहोटीचा तक्ता. आणि शेवटच्या दिवशी घरी परत येणं.

तेच सगळ्यात अवघड. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहे आणि त्याच्या बाजूने वाट अगदी अरुंद. ती सापडायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका ओळीत धरायच्या: मागे टेकडीवरची पाण्याची टाकी, पुढे टेलरबाईंच्या घराची हिरवी खिडकी. खिडकी बरोबर टाकीखाली दिसली की तुम्ही वाटेवर. मास्तरचा नियम सगळ्यांना पाठ होता: "खिडकी जिकडे सरकेल तिकडे आपण वळायचं. तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही."

हा नियम एका विद्यार्थ्याने वहिनींसमोर, म्हणजे मास्तरच्या बायकोसमोर, मोठ्या कौतुकाने म्हणून दाखवला. झालं. त्या संध्याकाळी मास्तरच्या घरात भांडी जरा जोरात ठेवली गेली.

टेलरबाई एकट्या राहायच्या, तोंडात टाचण्या धरून बोलायच्या, आणि पन्नाशीतही ताठ चालायच्या. वहिनींनी त्यांच्याकडे कपडे टाकणं त्याच आठवड्यात बंद केलं आणि पार तिसऱ्या गल्लीत जाऊन ब्लाउज शिवून आणला. तो खांद्यात इतका घट्ट झाला की हात वर करता येईना. तरी घालून टेलरबाईंच्या दारावरून दोनदा गेल्या.

शेवटी त्यांनी मास्तरला सरळ सांगितलं, खूण बदला, नाहीतर मी भावाकडे चालले, आणि या वेळी परतीचं तिकीट काढणार नाही. बॅग पलंगावर उघडी होती. मास्तर घाबरला, पण खडक काही भावाकडे जाणारा नव्हता. तो म्हणाला, तूच ये बोटीवर आणि दुसरी खूण दाखव, आजपासून तीच शिकवतो.

वहिनी आमच्या तुकडीबरोबर शेवटच्या दिवशी आल्या, त्याच ब्लाउजात. वरून लाइफजॅकेट, त्यामुळे मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागत होतं. बोट बाहेर काढून मास्तरने किनाऱ्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, निवड.

वहिनींनी आधी एक पांढरा ठिपका निवडला. थोड्या वेळाने तो चालू लागला, ट्रक होता. मग एक झाड निवडलं, तर मास्तर म्हणाला की असली आणखी चाळीस झाडं आहेत. मग त्या बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"आपलं घर कुठून दिसतं हो?"

"कुठूनच नाही. बर्फाच्या कारखान्यामागे आहे ते."

वीस वर्षं हा माणूस रोज समुद्रावरून घराकडे यायचा, आणि बघायचा दुसऱ्याच्या घराकडे. वहिनींच्या चेहऱ्यावर ते इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की डॉक्टरीणबाईंनी उगीच दोरखंड आवरायला घेतला.

परतीला सुकाणू आधी डॉक्टरीणबाईंकडे होतं. ओहोटीचं पाणी बोटीला बाजूला ओढत होतं. खिडकी टाकीपासून हातभर डावीकडे गेली तरी त्या दांडा कुठे ढकलायचा याचाच विचार करत होत्या. डावीकडे वळायचं होतं. मास्तरने दांडा हिसकावून घेतला, बोट ओळीवर आणली आणि दांड्यावर वहिनींचा हात ठेवला.

अहो, काय धरली त्यांनी ती खिडकी! पापणी लवत नव्हती. खिडकी बोटभर सरकली की बोट तिच्यामागे. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने इतकी सरळ बोट आणली नसेल. मत्सराने माणसाची नजर किती स्थिर होते ते मी त्या दिवशी पाहिलं. खडक आमच्या उजवीकडून काळा काळा निघून गेला.

तेवढ्यात खिडकीवरची नजर न काढता वहिनींनी विचारलं, "काही होतं का तुमचं?"

"थोडं डावीकडे," मास्तर म्हणाला.

"ते कळतंय मला. काही होतं का?"

मास्तरने सांगितलं. आम्ही तिघे विद्यार्थी शिडाकडे बघत बसलो, जणू शीड पहिल्यांदाच पाहतोय. वहिनींचा हात दांड्यावर तसाच होता. बोट धक्क्याला लागली, दोर बांधून झाला, तेव्हा त्या उठल्या.

"पुढच्या तुकडीपासून परतीचं मी शिकवीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही किनाऱ्याकडे पाठ करून बसायचं."

तेव्हापासून तसंच चाललंय. बोटीच्या नाकाडाशी मास्तर समुद्राकडे तोंड करून बसतो, मागे वहिनी नवशिक्यांना दरडावतात. बॅग माळ्यावर गेली. टेलरबाईंकडचे कपडे मात्र अजून बंदच आहेत.

खरी गोष्ट एवढीच आहे. लग्नाच्या दोन वर्षं आधी मास्तरने टेलरबाईंना मागणी घातली होती. त्या नाही म्हणाल्या. खिडकीची खूण त्याने खडकामुळे निवडली होती.