गायखे मॅडमनी विषय सोडला नव्हता

ही गोष्ट सांगायचं मी एकोणीस वर्षं टाळलं. बायकोला सांगितली नाही, मुलीलाही नाही. आता वयाची पंच्याहत्तरी उलटली आहे, आणि जिच्यासमोर बोलायला हवं होतं ती बाई गेल्या महिन्यात गेली, तेव्हा कुठे मी लिहायला बसलो आहे. याला धाडस म्हणत नाहीत, एवढं मला कळतं.

वत्सला गायखे गेल्याचा फोन आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या जुन्या सहायकाने केला. मी द्वारका चौकात रिक्षात अडकलो होतो. "सर, गायखे मॅडम गेल्या." मी त्याला तीनदा "कोण?" म्हणून विचारलं. चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते खरे, पण मला ऐकू आलं होतं... पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. पुढच्या आठवड्यात कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्यांनी हातातला कागद वाचला. मॅडम विद्यार्थिप्रिय होत्या, मनमिळाऊ होत्या आणि 'प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी ऑपरेटिंग सिस्टीम हा आपला आवडता विषय स्वेच्छेने सोडला होता.' मग माजी विभागप्रमुख म्हणून मला बोलावलं. त्या वाक्यावर मी काही बोलेन असं मला स्वतःलाच क्षणभर वाटलं. मी तीन मिनिटं साखर पेरली आणि खाली येऊन बसलो.

तर आधी हे लिहून टाकतो. गायखे मॅडम मनमिळाऊ अजिबात नव्हत्या. आणि त्यांनी विषय सोडला नव्हता. तो त्यांच्याकडून काढून घेतला, आणि काढून घेणारा मी होतो.

त्या मखमलाबादच्या, घरची गुलाबाची शेती. नोकरीच्या सुरुवातीला वडील फुलं बाजारात उतरवून त्याच टेम्पोतून त्यांना कॉलेजच्या फाटकाशी सोडायचे. एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "मॅडम आल्या वाटतं, वास आला." त्या पर्स ठेवता ठेवता म्हणाल्या, "गुलाबाचा आला ना? मग आजचा दिवस चांगला समजा. एरवी इथे तुमच्या डब्यातल्या लसणाचा येतो." अशा होत्या. वर्गात मात्र तासाला एकेक गोष्ट चार वेळा समजावून सांगायच्या, आणि पाचव्यांदा विचारणाऱ्यावर कधी खेकसल्या नाहीत.

दर वर्षी कॉलेज सुरू व्हायच्या आधी प्रकाशकांची माणसं नमुना प्रती घेऊन यायची. पुस्तक निवडायची आमची एक पद्धत होती. तिची मला आज शिसारी येते. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका टेबलावर पसरायच्या, पुस्तक उघडायचं आणि ज्या प्रश्नाचं उत्तर जसंच्या तसं सापडेल त्यावर पेन्सिलने खूण करायची. जास्त खुणा ज्याच्या, ते पुस्तक अभ्यासाला लागायचं. पुस्तक कुणी वाचत नसे. मॅडम वाचायच्या. सगळ्या प्रती घरी न्यायच्या, प्रत्येकातलं तेच एक प्रकरण निवडायच्या आणि वर्गातल्या मधल्या नंबरातल्या दोघातिघांना ते वाचायला देऊन, काय समजलं ते सांगायला लावायच्या. "हुशार पोरं नकोत सर मला," त्या म्हणायच्या, "त्यांना टेलिफोन डिरेक्टरी दिली तरी ती पास होतील. घरी एकट्या बसलेल्या पोराला कळलं पाहिजे आणि त्यात खोटं नको, एवढंच बघायचं."

त्या वर्षी दोन पुस्तकं समोर होती. एक परदेशी, जाडजूड, इंग्रजी जरा अवघड, पण चोख. दुसरं इथलंच, प्रश्नोत्तरांच्या वळणाचं, खुणांनी भरून गेलेलं. मॅडमनी भर बैठकीत त्या दुसऱ्या पुस्तकातली एक आकृती उघडून माझ्यापुढे सरकवली. "सर, हा बाण बघा." गोष्ट साधी आहे. कॉम्प्युटरचा प्रोसेसर एका वेळी एकच प्रोग्राम चालवतो, बाकीचे रांगेत असतात. चालू असलेल्या प्रोग्रामला डिस्कवरून काही हवं असलं की तो बाजूला थांबतो, आणि हवं ते मिळालं की पुन्हा रांगेत येतो. पुस्तकातला बाण त्याला रांग चुकवून थेट प्रोसेसरवर नेत होता. "सिव्हिल हॉस्पिटलात एक्स-रे काढून आला माणूस," मॅडम म्हणाल्या, "तर परत बाकावर बसतो ना? का दार ढकलून डॉक्टरांच्या मांडीवर बसतो?" सगळे हसले. मी हसलो नाही. त्या पुस्तकाची प्रुफं मी तपासली होती. प्रस्तावनेत माझे आभार होते. बाण माझ्या नजरेतून सुटला होता, आणि त्या क्षणी तो मला लख्ख दिसला.

"छपाईतली चूक आहे," मी म्हणालो. "वर्गात दुरुस्त करून सांगा."

"मग प्रकाशकांना शुद्धिपत्र लावायला सांगा. तुमचं ऐकतील, आत नाव आहे तुमचं."

"बघतो," मी म्हणालो. बघितलं नाही. खुणा मोजून तेच पुस्तक लागलं. चूक कळवायची तर मी प्रुफं नीट न वाचताच परत पाठवली होती हे उघड होणार होतं. कारण एवढंच होतं. एवढ्यासाठी!

मॅडमनी वर्गात बरोबर बाण शिकवला. निफाडची अर्चना नावाची एक मुलगी होती, मधल्या नंबरातलीच. तिने विचारलं, "मॅडम, पेपरात खरं लिहू का मार्कांचं लिहू?" मॅडम म्हणाल्या, "खरं लिही. मार्क त्याच्यामागून येतात." आले नाहीत. विद्यापीठाच्या परीक्षेत नेमकी तीच आकृती आली, आणि पुढचा मोठा प्रश्नही तिच्यावरच आधारलेला. तपासणीचा प्रमुख मी. तपासणाऱ्यांना द्यायची नमुना उत्तरं मीच तयार केली, आणि आकृती काढताना हात थांबला होता हे मला नीट आठवतं. पुस्तक शेकडो मुलांच्या हातात आहे, आता बाण बदलला तर गोंधळ होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. चुकीचाच बाण काढला. इतर कॉलेजांतही तेच पुस्तक होतं, तिथली मुलं पास झाली. आमची, बरोबर लिहिणारी, धडाधड पडली. अर्चना थोडक्यात नापास झाली. मॅडम दोनदा तिच्या घरी निफाडला जाऊन आल्या. ती कॉलेजात परत आली नाही.

मग मॅडम माझ्या केबिनमध्ये आल्या, बसल्या नाहीत. "सर, पोरांनी बरोबर लिहिलंय. तुम्हाला माहितीये. पेपर पुन्हा तपासायला लावा."

मी म्हणालो, "मॅडम, पुस्तकाबाहेरचं शिकवायची काय गरज होती?"

"बाहेरचं?" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. व्यवस्थापनाने निकालाचा अहवाल मागितला, तो मी लिहिला. 'नेमलेल्या पुस्तकाला सोडून अध्यापन केल्यामुळे निकाल घसरला.' खाली सही केली आणि विषय त्यांच्याकडून काढून घेतला. त्या विषयावर जिल्ह्यात त्यांच्याइतकी पकड कुणाची नव्हती, आणि त्या बाईने निवृत्त होईपर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉम्प्युटर चालू कसा करायचा आणि अर्ज कसा टाइप करायचा हे शिकवलं. विषय परत मागायला त्या एकदाही माझ्याकडे आल्या नाहीत. कॉरिडॉरमध्ये भेटल्या की "नमस्कार सर" म्हणायच्या. त्यातला 'सर' मला वर्षानुवर्षं टोचला, आणि टोचूनही मी काही केलं नाही.

प्रकृतीचं कारण! ते वाक्य प्राचार्यांनी कुठून आणलं याचा मला राग आला होता. मग आठवलं. अहवाल फार कडक वाटू नये म्हणून फाइलमध्ये ती ओळ मीच घातली होती.

त्या आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी मखमलाबादला गेलो. घर रस्त्याच्या अगदी टोकाला, पलीकडे फक्त शेतं. मॅडम ओट्यावर शाल घेऊन बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या.

"सर? तुम्ही इकडे कुठे?"

"काही नाही, इकडून चाललो होतो..."

"इकडून कुठे चालला होतात? पुढे तर रस्ता संपतो." आणि हसल्या. त्यांनी वहिनीला चहा टाकायला सांगितलं. मग माझ्याकडे बघत बसल्या. मी त्यांच्या गोळ्यांची चौकशी केली, यंदा गुलाबाला भाव कसा आहे ते विचारलं. कप रिकामा झाला तरी तो हातात धरून बसलो.

"बोला ना सर," त्या हळूच म्हणाल्या. "काहीतरी बोलायलाच आलात."

"तब्येतीला जपा," मी म्हणालो आणि उठलो.

मॅडम, बाण तुमचा बरोबर होता. मला तो त्याच दिवशी, त्याच टेबलावर दिसला होता, आणि तरी मी सही केली. तुमचा विषय मी घेतला. मला माफ करा, असं म्हणायला मी आलो होतो.