मिटलं बाई एकदाचं

सध्या दुपारी टीव्हीवर इस्रायल आणि पॅलेस्टाईनच्या समझोत्याच्या बोलण्यांची मालिका लागते. सगळं चित्रण जुनं आहे. माणसं आपापल्या भाषेत बोलतात आणि एकच माणूस दोन्हीकडचं हिंदीत सांगतो.

काल मी खाली मान घालून मेथी निवडत होते. कोणीतरी बाई म्हणाली, "माझा मुलगा धडधाकट घरी यावा, बस." थोड्या वेळाने पुन्हा तेच. मला वाटलं, मघाचीच बाई. वर बघितलं तर दुसरी होती, पलीकडच्या बाजूची.

मग पुढाऱ्यांनी हात मिळवले. त्या दोघी आपापल्या घरी ते बघून हसत होत्या. माझ्या तोंडून गेलं, "मिटलं बाई एकदाचं."

सून म्हणाली, "काय मिटलं? रोज बातम्या बघता ना, आई?"

बघते की. पुढे काय झालं ते त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं, मला आहे, आणि त्याचा कोणाला काही उपयोग नाही. मुलांना घेऊन निघून जा म्हणावं, तर कुठे जा, ते मला सांगता येत नाही.

"बंद करू का?" सुनेने विचारलं.

"राहू दे. तेवढं हसून होऊ दे त्यांचं."