श्रावण पाळणारे मासे

दिनूभाऊजी गेले. आणि "कधी कुणाला उलट बोलले नाहीत" अशी कमेंट जो कोणी टाकेल, त्याला मी ब्लॉक करणार आहे.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर तेच चाललंय. शांत माणूस, देवमाणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

अरे, त्यानंच तर घात केला त्या माणसाचा!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले ती ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. घरातल्या म्हशी नुकत्याच विकलेल्या, आणि परसातला म्हशींच्या पाण्याचा मोठा हौद रिकामा पडलेला.

त्यात भाऊजींनी मासे सोडले.

शोभेचे गोल्डफिश वगैरे नाहीत. ऑस्कर! मुंबईहून पिशवीतून आणलेली बोटाएवढी पिल्लं वर्षभरात ताटलीएवढी झाली. काळीकुट्ट, अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे. जोडीला रंकाळ्यातल्या चिलापी.

"सगळी एकाच कुळातली हाईत, वैनी. म्हणून तर एकमेकांच्या जिवावर उठत्यात," असं म्हणून हसायचे.

असले मोठे मासे एकत्र ठेवणं म्हणजे काय खेळ आहे का? एखादा दादागिरी करायला लागला की भाऊजी चड्डीवर हौदात उतरायचे आणि तळातले सगळे दगड इकडचे तिकडे करायचे. म्हणजे कुणाचीच जागा ठरलेली राहत नाही. सगळे पुन्हा नवे पावणे.

थंडीत रात्री हौदावर पोती, सकाळी बंबातलं कढत पाणी.

आणि मुख्य म्हणजे पोट भरलेलं पाहिजे. गांडुळं, सुकट, मटणाच्या दुकानातली कलेजी. कलेजी मीच बारीक चिरून द्यायची.

माझे सासरे, आप्पा, दारातल्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "लोकं मासं खात्यात, आमचं दिवटं पाळतंय!"

भाऊजी ऐकून घ्यायचे.

मग एका आषाढात ऑस्करच्या जोडीनं हौदातल्या फरशीवर अंडी घातली. भाऊजी ओलेचिंब थेट स्वयंपाकघरात. "वैनी! घातली की वो! उघड्या हौदात! कोण इस्वास ठेवंल?"

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. किती वर्षं वाट बघितली होती. मी शिरा केला त्या दिवशी.

अंड्यांतून पिल्लं सुटली, आणि श्रावण लागला.

आप्पांनी त्या वर्षी नवंच फर्मान काढलं. "ह्या घरात श्रावणात मांस येत न्हाय. माशास्नी पन न्हाय. गांडूळ सुदीक न्हाय."

मला वाटलं चेष्टा करतायत. कसली चेष्टा!

मी सून, डोक्यावर पदर. तरी बोलले. "आप्पा, मासा मासा खाऊन जगतो. त्याला कसला आलाय श्रावण?"

सासूबाईंच्या हातातली पळी तशीच थांबली. आमच्या ह्यांनी पेपरात तोंड घातलं. (हे ही पोस्ट वाचणार आहेत. वाचू देत.)

आणि मी ज्यांच्यासाठी भांडत होते, ते काय म्हणाले?

"ऱ्हाऊ द्या, वैनी."

झालं. त्या दिवसापासून हौदात कणकेच्या गोळ्या. पाण्याला वास सुटला, वर पांढरी साय धरली. आईबापांनी पहिल्यांदा स्वतःची पिल्लंच खाल्ली. मग चिलापींच्या शेपट्या. मग डोळे. मग ऑस्कर एकमेकांवर.

भाऊजी हातात वेळू घेऊन दिवस दिवस काठावर बसायचे, भांडणं सोडवत. मी म्हणायचे, "अहो, मागच्या मागं एक गांडूळ टाका! कुणाला कळतंय?"

"आप्पांना सबूद दिलाय."

आणि आप्पा? आप्पा कट्ट्यावर! "आमच्या दिन्याचं मासं श्रावण पाळत्यात! हाय का कुणाच्या घरात असलं पोरगं?" लोक वाहवा करायचे. भाऊजी बाजूला उभे राहून मान डोलवायचे. मला तर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

श्रावण संपेपर्यंत हौदात एकही मासा उरला नाही. शेवटचा ऑस्कर भाऊजींनी कढीपत्त्याच्या बुडाशी पुरला. मी बघितलं. आप्पांना पत्ता नाही. गुडघ्यांमुळे ते परसात जातच नव्हते, आणि हिरव्या पाण्यात लांबून काय दिसणार, कपाळ?

गणपती यायच्या आधी मधे दोन दिवस मिळतात, त्यात मटण झालंच पाहिजे. कोल्हापूर आहे शेवटी. सगळे जेवायला बसलो. आप्पांनी स्वतःच्या ताटातली कलेजी उचलली.

"दिन्या, जा, घाल तुझ्या माशास्नी. उपास सुटू दे त्यांचा बी."

मी भाऊजींकडे बघितलं. आता तरी बोलतील. आता तरी!

"व्हय, आप्पा."

उठले. परसात गेले. त्या मेलेल्या पाण्यात कलेजी टाकली, हात धुतले, परत येऊन पानावर बसले आणि जेवले.

रश्शाचं पातेलं कुणाच्या डोक्यावर ओतावं हेच मला कळेना.

भाऊजींनी पुन्हा कधी मासे पाळले नाहीत. आप्पा गेले तेही त्या माशांचं कौतुक सांगतच गेले.

गेल्या दिवाळीत भाऊजी फराळाला आले होते, तेव्हा न राहवून विचारलं. "एक शब्द का नाही बोललात हो? पोटच्या पोरांसारखं जपलं होतंत."

चहाची बशी खाली ठेवली त्यांनी.

"वैनी, आप्पा जल्मात पयल्यांदा चार लोकांत माझ्याबद्दल चांगलं बोलत हुते."

मी उठून आत गेले.

राग अजून आहे. आप्पांचा आहे, ह्यांचा आहे, आणि भाऊजी, सगळ्यात जास्त तुमचा आहे. एवढ्याशा कौतुकासाठी?

राग मनात ठेवूनच हात जोडते.

जावा, भाऊजी.