पानठेल्यावर टांगलेला निबंध

माझा मोठा भाऊ पुसदला पानठेला चालवायचा आणि मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करायचे. तो खर्रा घोटायचा, आणि खर्ऱ्याने तोंडाचं काय होतं ते मी लिहायचे. घरात यावर कुणी हसत नसे, कारण माझं सगळं शिक्षण त्याच ठेल्यावर झालं होतं.

कापसाने दगा दिलेली ती वर्षं होती. कापडवाले माश्या मारत बसायचे, पण दादाच्या ठेल्यावर गर्दी असायची. आमच्याकडे माणूस एक वेळ चहा टाळेल, खर्रा नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पाटावर घासायचा आणि जमला का ते बघायला चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकायचा, ही दादाची पद्धत. गिऱ्हाइकाचं तोंड चुन्याने भाजू नये, ही त्याची काळजी. दर खर्ऱ्याला चिमूट ठरलेली.

तेव्हा माझी बढती अडली होती. आमच्या धंद्यात नुसतं लिहून भागत नाही. इतर संशोधकांनी तुमच्या लेखाचा हवाला किती वेळा दिला, तेही मोजतात. माझा एकच निबंध बरा चालला होता. सुपारीने तोंड हळूहळू आखडत जातं आणि पुढे तिथे कॅन्सर होऊ शकतो, असा त्याचा विषय. रोज सकाळी चहाच्या आधी मी कॉम्प्युटरवर आकडा वाढला का ते बघायचे. वाढला नसला तर दिवसभर माझ्या वाटेला कुणी जाऊ नये.

दिवाळीला घरी गेले, तर त्याच निबंधातलं, रोग्यांच्या तोंडांच्या फोटोंचं पान लॅमिनेट होऊन ठेल्यावर टांगलेलं. दादा गिऱ्हाइकाला सांगत होता, "माह्या बहिणीनं लेहेलं हाय. विलायतेतले लोकं वाचतेत." आणि हात खर्रा घोटत होते.

माझं डोकंच फिरलं. "दादा, लाज नाही वाटत तुले? खाली खर्रा अन् वर हे?"

"काहून वाटन? ज्याले पाहाचं त्यानं पाहावं. एका जणानं फोटो पाहून आरशात तोंड पाह्यलं. त्याले मीच यवतमाळच्या दवाखान्यात धाडलं."

राग होताच, पण खरं सांगायचं तर आतून मी सुखावलेही. माझा निबंध इतक्या कौतुकाने आजवर कुणी दाखवला नव्हता.

दुपारी जेवायला बसलो. वहिनीने मला वांग्याची झणझणीत भाजी वाढली आणि दादाला नुसता वरणभात. मी विचारलं तर म्हणाली, "त्याईले तिखट सोसत नाही आता. तोंडाची आग होते म्हणतेत."

माझा घास हातातच राहिला. तोंड आखडण्याची सुरुवात अशीच होते, आणि हे मीच लिहिलं होतं.

"दादा, तोंड उघड."

"जेवू दे ना बाई."

"उघड म्हणते ना."

धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. त्याच्या तोंडात माझी दोनही जाईनात.

"रोज लोकायले तो फोटो दाखवतं," मी ओरडले, "अन् सोताचं तोंड नाही पाह्यलं?"

"पाह्यलं ना," तो शांतपणे म्हणाला. "फोटो पाहूनच त समजलं मले. म्हणूनच टांगला."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तुही बढती अडून होती. त्यात माहं कायले?"

मी ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन रडले. त्याचा राग आला होता, आणि इतकी माया कुणी करू नये असंही वाटत होतं.

यवतमाळला त्याच्या तोंडातला तुकडा काढून तपासला. निकाल येईपर्यंत मी कॉम्प्युटरकडे फिरकलेही नाही. कॅन्सर नव्हता. पण आखडलेलं तोंड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला माहीत होतं. दादाने खर्रा सोडला, मग विकणंही सोडलं. ठेल्यावर चहा सुरू केला. गिऱ्हाईक निम्म्याने कमी झालं, आणि त्याबद्दल तो एका शब्दाने बोलला नाही.

पुढे माझी बढती झाली. पेढ्यांचा डबा घेऊन मी सरळ पुसद गाठलं. पहिला पेढा दादाचा. त्याने हौसेने आ केला, जेवढा करता येत होता तेवढा. पेढा आत जाईना. मग मी तो कुस्करला आणि चिमटी चिमटीने त्याला भरवला.